पाण्याने मायलेज वाढते का? एका किटचा हिशेब

आपल्यातले बरेच कापडवाले भाऊ धुळे-जळगाव भागात आठवडे बाजार करतात. पारोळा, एरंडोल, धरणगाव, अमळनेर असे फिरताना गठ्ठ्यांचे भाडे आणि पेट्रोल हाच मोठा खर्च. २०२१ साली महाराष्ट्रात पेट्रोलने लिटरला शंभरी ओलांडली, तेव्हापासून मायलेज वाढवून देतो म्हणणारा कोणीही आला की आपण त्याला आधी बसायला खुर्ची देतो. अशीच एक खुर्ची माझ्या भाच्याने दिली आणि बारा हजार रुपये मोजले.

त्याच्याकडे जुनी ओम्नी आहे. तिच्या बॉनेटखाली जागा कुठली, म्हणून सीटमागे एक स्टीलची डबी बसवून घेतली. आत पत्र्याच्या पट्ट्या, बाजूला पाण्याची बाटली, पाण्यात थोडा कॉस्टिक पोटॅश, बॅटरीकडून आलेल्या दोन वायरी आणि एअर फिल्टरपर्यंत गेलेली रबरी नळी. बसवणाऱ्याचे म्हणणे असे, की विजेने पाणी फुटते, त्यातून हायड्रोजन निघतो, तो पेट्रोलसोबत जळतो आणि मायलेज तीस ते चाळीस टक्के वाढते. वर असेही सांगितले, की गिऱ्हाईक आणलेस तर एका किटमागे हजार रुपये तुझे.

पंधरा दिवसांनी भाचा दुकानावर आला तो हसतच. "मामू, तेराचे पंधरा झाले!" तीस टक्के नाही, तरी दोन किलोमीटर म्हणजे थोडे नव्हे. तोपर्यंत त्याने आणखी तिघांना किट घ्यायला लावले होते. तिघेही आपल्याच मोहल्ल्यातले, नमाजला शेजारी उभे राहणारे.

मी मेकॅनिक नाही. पण ताका मोजल्याशिवाय आम्ही पैसे देत नाही, मग हेच का न मोजता घ्यावे? मी त्याला म्हटले, टाकी काठोकाठ भर, तीच गाडी, तोच रस्ता, तितकाच माल. तीन टाक्या किट चालू ठेवून चालव, तीन टाक्या किटचे बटण बंद करून. हिशेब वहीत लिहून आण. महिन्याभराने वही आली. किट चालू असताना सरासरी साडेचौदा. किट बंद असताना पंधरा.

मग तेराचे पंधरा झाले कशाने? बसवणाऱ्याने किट लावताना एअर फिल्टर बदलला होता, प्लग साफ केले होते, टायरमध्ये हवा बरोबर भरून दिली होती. त्यात भाच्याची नजर रोज काट्यावर, त्यामुळे पाय आपोआप हलका पडू लागला. मायलेज खरेच वाढले होते, पण ते तीन-चारशे रुपयांच्या सर्व्हिसिंगचे होते. बारा हजारांची डबी उलट थोडे पेट्रोल खात होती.

ती का खात होती, हे समजायला फार शिक्षण लागत नाही. आम्ही उर्दू शाळेत याच प्रयोगाला 'बर्क पाशीदगी' म्हणून शिकलो होतो. पाण्यात दोन तारा सोडायच्या, एका नळीत हायड्रोजन जमतो, दुसरीत ऑक्सिजन. प्रयोग खरा आहे, खोटे काहीच नाही. प्रश्न वीज येते कुठून, हा आहे.

हिशेब करून पाहू. किट बारा व्होल्टवर वीस अँपिअर खेचते, म्हणजे २४० वॅट. आत सहा खाने धरले तर तासाभरात साडेचार ग्रॅमच्या आसपास हायड्रोजन मिळतो. त्याची ताकद सुमारे १७ मिलिलिटर पेट्रोलएवढी, औषधाच्या बाटलीची दीड-दोन झाकणे. आता दुसरी बाजू. ही वीज अल्टरनेटर देतो आणि अल्टरनेटरला इंजिनच फिरवते. पेट्रोलच्या ताकदीतला साधारण पाव हिस्सा इंजिन कामाला लावते, त्यातले साठेक टक्के अल्टरनेटर विजेत उतरवतो. म्हणजे २४० वॅट काढायला तासाला १८० मिलिलिटर पेट्रोल जळते. एकशेऐंशी देऊन सतरा घ्यायचे! असा सौदा आपल्या बाजारात कोणी केला तर लोक त्याला दुकानाबाहेर उभा करतील.

विक्रेते यावर म्हणतात, हायड्रोजनच्या ताकदीचा प्रश्नच नाही, त्याने पेट्रोल पूर्ण जळते. पण धड चालणाऱ्या इंजिनात पेट्रोल आधीच जवळजवळ सगळे जळते, न जळता बाहेर पडणारे फार तर एक-दोन टक्के. उरलेली ताकद उष्णता होऊन रेडिएटर आणि सायलेन्सरमधून जाते. तिथून तीस टक्के कोण कसे काढणार? काही किटवाले सोबत एक चिप देतात. ती सेन्सरला फसवून पेट्रोल कमी सोडायला लावते. आपल्या खानदेशच्या उन्हाळ्यात, गठ्ठे भरलेली गाडी कोंडाईबारीचा घाट चढत असताना असे करणे म्हणजे वॉल्व्ह आणि पिस्टन भाजून घेणे. शिवाय या डबीतून निघणारा हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकत्रच असतात. ते मिश्रण एका ठिणगीने फुटते, आणि भाच्याच्या गाडीत डबीला टेकून सुती कापडाचे गठ्ठे होते.

हा धंदा नवा नाही. तामिळनाडूच्या रामर पिल्लई यांनी १९९६ साली वनस्पतीपासून पेट्रोल बनवल्याचा दावा केला, तेव्हा देशभर वाहवा झाली. पुढे ते विकले गेले, तपास झाला, त्यात पेट्रोलियमचेच पदार्थ निघाले आणि २०१६ साली चेन्नईच्या न्यायालयाने त्यांना तीन वर्षांची शिक्षा सुनावली. पाण्यावर गाडी चालवतो म्हणणाऱ्या अमेरिकेच्या स्टॅन्ली मायर यांना तिथल्या न्यायालयाने १९९६ सालीच फसवणुकीबद्दल दोषी धरले आणि पैसे परत करायला लावले. भाच्याच्या किटसारखेच, मायलेज किमान दीडपट करतो अशा जाहिरातीचे 'हायड्रो-असिस्ट' नावाचे यंत्र तिथे विकले जात होते. २००९ साली त्यांच्या सरकारी व्यापार आयोगाला ते थांबवण्यासाठी न्यायालयात जावे लागले. पाकिस्तानात २०१२ साली आगा वकार नावाच्या इंजिनिअरने पाण्यावर गाडी चालवून दाखवल्याचा दावा केला. टीव्हीवर मंत्री त्याच्या बाजूने बोलले आणि परवेज हुदभाईंसारखे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक विरोधात बोलले तर लोक त्यांच्यावरच चिडले. ती गाडी काही बाजारात आली नाही.

मध्य प्रदेशात सागरच्या एका मेकॅनिक भावाने पाणी आणि कार्बाइडवर मारुती चालवली, तेव्हा आपल्याकडेही पाण्यावर गाडी चालली म्हणून चर्चा झाली. त्यात मेहनत होती, फसवणूक नव्हती. पण जळत होता तो कार्बाइडपासून निघालेला ॲसिटिलीन वायू. फळे पिकवायला जे वापरणे कायद्याने बंद आहे तेच हे कार्बाइड, जळगावच्या केळीवाल्यांना सांगायला नको. ते विकत आणावे लागते, फुकट मिळते ते फक्त पाणी.

हायड्रोजन इंधन म्हणून खोटा आहे, असे मात्र कोणी समजू नये. दिल्लीत २०१२ साली हायड्रोजनवरच्या तीनचाकी गाड्या चालवून पाहिल्या. २०२० साली तिथल्या पन्नास बसमध्ये सीएनजीत हायड्रोजन मिसळून चाचणी सुरू झाली. नितीन गडकरी २०२२ साली हायड्रोजनच्या गाडीतून संसदेत गेले. पण या सर्वांत हायड्रोजन बाहेर तयार होतो आणि गाडीत भरला जातो. गाडीने स्वतःच्याच पेट्रोलमधून तो बनवायचा नसतो.

प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जात असता त्यांनी धान्याच्या राशीत हात घातला, तर आतले धान्य ओले लागले, ही हदीस आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकली आहे. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. त्यावर ओले धान्य वर का ठेवले नाहीस, लोकांना दिसले असते, असे त्याला विचारले गेले. आपल्या किटवाल्याला एवढेच विचारावे, की तू बटण बंद करूनही मोजून दाखवशील का? पुण्याच्या एआरएआय संस्थेचा चाचणी अहवाल आहे का? आरसी बुकावर नोंद करून देशील का? मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे परवानगीशिवाय गाडीत असा बदल करता येत नाही. गॅस किटची नोंद आपण करतोच. उद्या गाडी पेटली तर विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारील.

भाच्याने डबी काढून ठेवली आहे. बसवणारा फोन उचलत नाही. तिघांकडून मिळालेले तीन हजार कमिशन मात्र भाच्याच्या खिशात होते. मी त्याला म्हटले, हा पैसा घरात ठेवू नकोस. दोघांकडे तो वही घेऊन गेला, झाले ते सांगितले, हजार-हजार परत दिले. एकाने डबी काढली, दुसरा महिनाभर बोलला नाही. तिसऱ्याने पैसे घेतलेच नाहीत. त्याची गाडी म्हणे अठराचा ॲव्हरेज देते. बटण बंद करून एकदा मोजून पाहा म्हटले, तर म्हणाला, चालू आहे ते कशाला बंद करायचे?