सुईच्या नेढ्यातून उंट: श्रीमंतीबद्दल येशू नेमकं काय म्हणाला?

बायबलमधली ही गोष्ट मत्तय, मार्क आणि लूक या तिन्ही शुभवर्तमानांत येते. एक श्रीमंत माणूस येशूला विचारतो की सार्वकालिक जीवन मिळावं म्हणून काय करावं. येशू त्याला आज्ञांची आठवण करून देतो: खून, व्यभिचार, चोरी करू नये, खोटी साक्ष देऊ नये, आईवडिलांना मान द्यावा. हे सगळं आपण लहानपणापासून पाळत आलो आहोत, असं तो सांगतो. त्यावर येशू म्हणतो की एक गोष्ट राहिली आहे. जे आहे ते विकून गरिबांना दे आणि माझ्यामागे ये. हे ऐकून माणसाचा चेहरा उतरतो आणि तो खिन्न होऊन निघून जातो, कारण त्याची मालमत्ता मोठी असते.

हा माणूस लबाड नव्हता. त्याने कुणाला लुबाडल्याचा उल्लेख नाही, उलट येशूला त्याच्याबद्दल प्रेम वाटलं अशी नोंद मार्कने मुद्दाम केली आहे. मग अडलं कुठे? येशूने सांगितलेल्या आज्ञा पाहिल्या तर त्या सगळ्या माणसांनी माणसांशी कसं वागावं याबद्दलच्या आहेत. दहा आज्ञांमधली पहिली, म्हणजे एका देवाशिवाय दुसऱ्या कुणाला देव मानू नये ही, त्यांत नाही. अनेक भाष्यकारांच्या मते ‘सगळं विकून टाक’ ही त्या पहिल्या आज्ञेचीच परीक्षा होती. वतन आणि देव यांतलं एक निवडायची वेळ आली, तेव्हा त्याने वतन निवडलं.

तो गेल्यावर येशूने ते प्रसिद्ध उदाहरण दिलं. श्रीमंताने देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंटाने सुईच्या नेढ्यातून जाणं सोपं आहे. शिष्य चकित झाले, कारण त्यांच्या समाजात संपत्ती ही देवाच्या कृपेची खूण मानली जाई. अब्राहाम आणि ईयोब हे दोघेही गडगंज होते. ज्याच्यावर देव प्रसन्न, तोच अडकणार असेल तर इतरांचं काय?

पुढच्या वाचकांनाही हे वाक्य जड गेलं. काहींनी नेढं मोठं केलं: जेरुसलेमच्या तटाला ‘सुईचं नेढं’ नावाचं एक बुटकं दार होतं आणि ओझं उतरवून, गुडघ्यांवर बसून उंट त्यातून जाऊ शके, असं प्रवचनांतून अजूनही ऐकू येतं. पण पहिल्या शतकात असं दार असल्याचा कसलाही पुरावा नाही. काहींनी उंट लहान केला: ग्रीकमध्ये उंट आणि जाड दोर हे शब्द जवळजवळ सारखे आहेत, म्हणून मूळ शब्द दोरच असावा, असं त्यांनी सुचवलं. (दोर तरी नेढ्यातून कुठे जातो?) दोन्ही खटपटी श्रीमंतांच्या सोयीच्या आहेत. येशूला अशक्यच म्हणायचं होतं. माणसाला जे अशक्य ते देवाला शक्य आहे, असं तो लगेच पुढे म्हणतो.

मग प्रत्येक ख्रिस्ती माणसाने सगळं देऊन टाकायचं का? इजिप्तच्या अँटनीने सन 270 च्या सुमारास चर्चमध्ये हा उतारा ऐकला आणि तो अक्षरशः पाळला. आईवडिलांकडून आलेली सुमारे दोनशे एकर सुपीक जमीन गावाला देऊन तो पुढे वाळवंटात राहायला गेला. ख्रिस्ती संन्यासपरंपरेचा तो एक आद्यपुरुष. त्याच्या काही दशकं आधी अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंटने मात्र याच उताऱ्यावर एक पुस्तक लिहून वेगळी बाजू मांडली होती. सगळ्यांनीच सगळं सोडलं तर भुकेल्याला खायला कोण घालणार? सोडायची ती संपत्तीची ओढ. घर रिकामं करूनही मन पैशातच अडकलेलं राहू शकतं.

क्लेमेंटचा मुद्दा पटतो, पण त्यात पळवाटही आहे. ‘पैसा माझ्याकडे आहे, पण माझं मन त्यात नाही’ असं कुणीही म्हणू शकतो. लूकच्या पुढच्याच अध्यायात जक्कय भेटतो, यरीहोचा मुख्य जकातदार. त्याला कुणी काही विकायला सांगत नाही. तो आपणहून अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्यांना फसवलं त्यांना चौपट परत करायचं ठरवतो. त्याचं मन कुठे होतं, ते त्याच्या हिशेबावरून कळतं.

ही अडचण धनाढ्यांपुरतीच नाही, हे 18 व्या शतकात इंग्लंडमध्ये जॉन वेस्लीला जाणवलं. त्याच्या मेथडिस्ट पंथात बरेचसे साधे, कष्टकरी लोक आले. श्रद्धेमुळे त्यांची व्यसनं सुटली, कामाला शिस्त आली, खर्च आटोक्यात आला. साहजिकच हातात पैसा खेळू लागला. त्याबरोबर मानपान, चैन आणि जगाची ओढही वाढली आणि श्रद्धेचं नुसतं कवच उरू लागलं. श्रद्धाच संपत्ती आणते आणि संपत्ती श्रद्धेला पोखरते, हा पेच वेस्लीने 1786 मध्ये लिहून ठेवला. यावर त्याला एकच उपाय दिसत होता: प्रामाणिकपणे जितकं कमावता येईल तितकं कमवा, जितकं वाचवता येईल तितकं वाचवा आणि जितकं देता येईल तितकं देऊन टाका. म्हातारपणी त्याची तक्रार होती की पहिला नियम पाळणारे पुष्कळ भेटतात, दुसरा पाळणारे थोडे आणि तिसरा पाळणारे जवळजवळ कुणीच नाहीत.