उंचावलेल्या गाडीची थरथर

कुर्डुवाडी हे गाव चाकांच्या आधाराने वाढले. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज अभियंत्याने 1897 साली येथून बार्शीपर्यंत अडीच फूट रुंदीच्या रुळांची बार्शी लाइट रेल्वे सुरू केली. पुढे तिचे फाटे लातूर, पंढरपूर व मिरजेपर्यंत गेले, 1954 साली ती सरकारच्या मालकीची झाली, आणि अरुंद रूळ उखडून रुंद मार्ग आल्यानंतरही रेल्वेचा कारखाना गावात राहिला. या लहानशा रेल्वेकडे अभियंत्यांचे लक्ष गेले ते तिच्या मापांतील सुसंगतीमुळे. कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार येता कामा नये, ही मर्यादा कॅल्थ्रॉपने प्रथम मुकरर केली, आणि इंजिने, वाघिणी व रूळ यांची सारी मापे त्या एका अंकाशी जुळवून घेतली. माढा तालुक्याच्या रस्त्यांवर आज दिसणाऱ्या उंच जीपगाड्यांचा विचार करताना या सुसंगतीची आठवण होते, कारण ज्या दोषाविषयी येथे लिहावयाचे आहे तो बहुधा एक माप बदलून बाकीची तशीच ठेवल्याने उत्पन्न होतो.

जीप या मुलखाला नवी नाही. महिंद्रा कंपनीने 1947 साली मुंबईत विलीस जीपची जुळणी सुरू केली, आणि त्यानंतर सरकारी खात्यांच्या गाड्यांपासून ते माणसे दाटीवाटीने भरून तालुक्याच्या गावी नेणाऱ्या वडापपर्यंत तिची अनेक रूपे येथे नांदली. 2020 साली आलेल्या नव्या थारने तरुण शेतकऱ्यांत या गाडीचे आकर्षण पुन्हा जागे केले. पावसाळ्यात काळ्या रानातून, उसाच्या ट्रॅक्टरांनी पाडलेल्या खोल चाकोऱ्यांतून जाताना गाडीचे पोट जमिनीला टेकू नये, ही इच्छा रास्त आहे. मग कोणी कमान-पाट्यांत एखादा पाटा वाढवतो, कोणी पाटा व आसाचे हाऊजिंग यांच्यामध्ये लोखंडी ठोकळा घालतो, कोणी शॅकल लांब करतो, स्प्रिंगच्या गाडीत स्प्रिंगखाली चकती येते, आणि त्यावर मोठे टायर चढतात. वाहनाच्या मूळ रचनेत फेरफार करण्यावर 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 ने निर्बंध घातले आहेत, हेही मालकाने खर्चाच्या आधीच ध्यानात घ्यावे. गाडी उंच होते, रुबाबदार दिसते. आणि टेंभुर्णीच्या रस्त्याला लागून काटा सत्तरच्या आसपास गेला की ती थरथरू लागते.

येथून पुढे जे घडते ते खेदजनक आहे. मालक प्रथम चाकांचे बॅलन्सिंग करून घेतो, नंतर अलाइनमेंट, नंतर नवे शॉकअप, आणि अखेर टायरच बदलतो. प्रत्येक वेळी पैसा जातो आणि थरथर राहते, कारण तपासाच्या आधीच शिक्षा ठोठावली गेलेली असते. वस्तुतः गाडीची थरथर ही स्वतःच एक तपशीलवार जबानी असते. ती कोणत्या वेगाला सुरू होते, वेग वाढवला की वाढते की ओसरते, स्टेअरिंगमध्ये जाणवते की आसनाखाली, ॲक्सिलरेटर दाबल्यावर येते की पाय काढल्यावर, एवढ्या प्रश्नांची उत्तरे कागदावर टिपून घेतली तर पाना हाती घेण्यापूर्वीच संशयितांची संख्या बरीच कमी होते.

पहिला निवाडा इंजिन आणि चाके यांच्यात करावयाचा. रस्ता सरळ व मोकळा असताना, थरथर ज्या वेगाला येते तेथे पोचून गाडी न्यूट्रल करावी. इंजिन मात्र मुळीच बंद करू नये, कारण त्याबरोबर स्टेअरिंग व ब्रेक यांना मिळणारे साहाय्य जाते. इंजिनाचे फेरे उतरले आणि थरथर तशीच राहिली, तर इंजिन व क्लच निर्दोष ठरतात आणि दोष चाकांबरोबर फिरणाऱ्या भागांत आहे हे सिद्ध होते. त्यानंतर अंकगणित साहाय्यास येते. नव्या थारच्या मोठ्या टायरचा घेर सुमारे अडीच मीटर असतो, म्हणून ताशी 80 किलोमीटर वेगाला चाक सेकंदाला सुमारे नऊ फेरे करते. मागच्या हाऊजिंगमधील गिअरचे प्रमाण स्थूलमानाने चार धरले तर प्रोपेलर शाफ्ट त्याच वेळी सेकंदाला 36 फेरे करतो, आणि त्याच्या टोकांच्या क्रॉसमधून निघणारा कंप याच्याही दुप्पट असतो. नऊ हादरे शरीराला वेगवेगळे जाणवतात, हात हलतात, मडगार्ड डुलते. सत्तर हादऱ्यांचा मात्र पायाखाली एक सलग गुंजारव होतो. या दोन संवेदनांतील भेद ज्याला ओळखता आला त्याने अर्धा तपास पुरा केला असे मी मानतो.

हादरा चाकाच्या गतीचा असेल तर सर्वप्रथम चाक आतल्या बाजूने धुवावे. आमच्या भागातली काळी माती ओली असताना डिस्कच्या आत लिंपली जाते आणि वाळल्यावर दगडासारखी घट्ट बसते. आसापासून 20 सेंटिमीटर अंतरावर एका बाजूस 200 ग्रॅम चिखल राहिला, तर ताशी 80 किलोमीटर वेगाला तो चाकाला सुमारे 13 किलो वजनाइतक्या जोराने, सेकंदाला नऊ वेळा, ओढत असतो. वेग दुप्पट झाला की ही ओढ चौपट होते. धुऊनही हादरा गेला नाही तर पुढची चाके मागे व मागची पुढे घालून पाहावे: कंप स्टेअरिंगमधून आसनाखाली गेला तर तो चाकाबरोबरच गेला, आणि दोष टायरमध्ये किंवा वाकलेल्या डिस्कमध्ये आहे. गाडी रुंद दिसावी म्हणून हब आणि डिस्क यांच्यामध्ये जे स्पेसर बसवतात, त्यांच्याकडेही संशयाने पाहावे. ते केसभर जरी मध्य सोडून बसले, तरी यंत्रावर अचूक बॅलन्स केलेले चाक गाडीवर आल्यावर लंगडू लागते.

आता मुख्य गोष्ट. उंचावलेल्या गाडीचा खास असा दोष प्रोपेलर शाफ्टमध्ये असतो. गिअरबॉक्स चौकटीला घट्ट बांधलेली, हाऊजिंग चाकांबरोबर वरखाली होणारे, म्हणून त्यांना जोडणाऱ्या शाफ्टच्या दोन्ही टोकांना क्रॉसचे सांधे द्यावे लागतात. सोळाव्या शतकातील इटालियन पंडित जिरोलामो कार्दानो याचे नाव लाभलेला, आणि सतराव्या शतकात रॉबर्ट हूकने अभ्यासलेला हा सांधा अत्यंत उपयुक्त असला तरी त्याच्यात एक उपजत वैगुण्य आहे: त्याची एक बाजू एकसारख्या गतीने फिरत असली तरी, सांधा वाकलेला असताना, दुसरी बाजू प्रत्येक फेऱ्यात दोनदा पुढे धावते आणि दोनदा मागे रेंगाळते. कोन पाच अंशांचा असेल तर ही तफावत शेकड्याला अर्ध्याहूनही कमी असते. दहा अंशांना ती दीड टक्का होते, आणि वीस अंशांना सहा टक्क्यांवर जाते. मूळ रचनाकाराने यावर योजलेला उपाय सुंदर आहे. दोन्ही टोकांचे कोन समान ठेवले की पहिल्या सांध्याने केलेली चूक दुसरा सांधा तंतोतंत उलट करून फेडतो, आणि हाऊजिंगला पुन्हा एकसारखी गती मिळते.

गाडी उचलताना मोडतो तो हा समतोल. शाफ्ट 60 सेंटिमीटर लांबीचा असेल आणि गाडी 10 सेंटिमीटर उंच केली, तर त्याचा उतार सुमारे नऊ अंशांनी वाढतो. एक मीटर लांबीच्या शाफ्टवर तीच वाढ सहा अंशांहून कमी असते. म्हणूनच जुन्या आखूड जीपला, जिच्या पुढच्या व मागच्या आसांतील अंतर अवघे 80 इंच होते, ही व्याधी लांब गाडीपेक्षा लवकर जडते. त्यातच लांब शॅकल किंवा तिरका ठोकळा हाऊजिंगला स्वतःभोवती फिरवतो, त्याचे नाक वर किंवा खाली वळते, आणि दोन्ही टोकांचे कोन परस्परांपासून वेगळे होतात. अशी गाडी बॅलन्सिंगच्या यंत्रावर कितीही वेळा नेली तरी गुण येणार नाही. तिला कोनमापक लागतो. सपाट जागी, चाके जमिनीवर व नेहमीचा भार गाडीत असताना, गिअरबॉक्सचे टोक, शाफ्ट आणि हाऊजिंगचे नाक या तिघांचा उतार मोजावा. दोन सांध्यांच्या कोनांत एका अंशाहून अधिक फरक निघाला, तर पाट्याखाली योग्य जाडीची पाचर घालून हाऊजिंग फिरवावे लागते. ॲक्सिलरेटर दाबला की पाटे पिळवटून हाऊजिंगचे नाक किंचित वर उचलले जाते, म्हणून जाणता मिस्त्री ते विश्रांतीच्या स्थितीत अंश-दीड अंश खाली ठेवतो. दाब देताच येणारा आणि पाय काढताच जाणारा कंप या पिळवटण्याचा पुरावा असतो. उंची फारच वाढवली असेल तर गिअरबॉक्सकडील टोकाला दुहेरी क्रॉसचा सांधा बसवावा लागतो, आणि तेव्हा नियम बदलतो: हाऊजिंगचे नाक त्या सांध्याच्या रोखाने, जवळजवळ शाफ्टच्याच रेषेत, वळवावे लागते.

एक कारण इतके क्षुल्लक असते की ते कोणाच्या ध्यानीमनी येत नाही. शाफ्टच्या मध्यावर किंवा टोकाजवळ दातेरी सरकता जोड असतो. ग्रीस भरण्यासाठी किंवा क्रॉस बदलण्यासाठी तो काढून पुन्हा बसवताना एखाददुसरा दाता चुकला, तर दोन्ही टोकांचे काटे एका पातळीत राहत नाहीत आणि ज्या चुका परस्परांना फेडावयाच्या त्या पुरत्या फिटत नाहीत. जोड उकलण्यापूर्वी दोन्ही भागांवर छिन्नीची एक खूण करणे, एवढाच याचा बंदोबस्त आहे. ज्या जुन्या जीपांचे शाफ्ट दोन्हीकडे बोल्टने बांधलेले आहेत, त्यांत मागचा शाफ्ट पूर्णपणे उतरवून, पुढच्या चाकांच्या ओढीने थोडे अंतर, मंद गतीने सुरुवात करून हळूहळू वेग वाढवत, गाडी चालवून पाहता येते. थरथर नाहीशी झाली तर प्रकरण तेथेच निकालात निघते. नव्या थारमध्ये पुढची चाके स्वतंत्र झुलतात, तेथे उंचीचा ताण पुढच्या अर्ध्या आसांच्या सांध्यांवर पडतो आणि त्यांचे रबरी बूट प्रथम फाटतात. बुटाला ग्रीसचे शिंतोडे दिसले की पुढची चौकशी तेथून करावी.

एक कंप मात्र असा आहे की तो अंगावर काढू नये. अखंड पुढचा आस असलेल्या जुन्या जीप किंवा जिप्सीमध्ये खड्ड्यावरून जाताना पुढची दोन्ही चाके अकस्मात डावी-उजवी आपटू लागतात, स्टेअरिंग हातात ठरत नाही, आणि गाडी जवळजवळ थांबेपर्यंत ते थैमान थांबत नाही. पाट्यांचे झिजलेले बुश, टाय रॉडचे ढिले सांधे, किंग पिनची सैल बेअरिंगे आणि उचलताना बिघडलेला कॅस्टरचा कोन यांपैकी एक वा अनेक कारणे त्यामागे असतात. बाजारात मिळणारा स्टेअरिंग डॅम्पर बसवला की हे लक्षण काही काळ दबते, आणि म्हणूनच तो उपाय मला धोक्याचा वाटतो: आतील ढिलेपणा वाढतच राहतो व पुढच्या वेळी तो अधिक वेगाला प्रकट होतो. अशा गाडीचा पुढचा भाग जॅकवर घेऊन, एकाने चाक हलवावे आणि दुसऱ्याने प्रत्येक सांध्यावर बोट ठेवून खेळ कोठे आहे तो शोधावा. सांधा सापडेपर्यंत ती गाडी रस्त्यावर काढू नये.

दुरुस्तीनंतरची चाचणी त्याच रस्त्यावर, त्याच वेगाला, टायरमध्ये तितकीच हवा आणि गाडीत तितकाच भार ठेवून घ्यावी, आणि पूर्वी टिपलेल्या जबानीशी ती ताडून पाहावी. ठोकळे किंवा पाचरी बसवलेल्या गाडीचे यू-बोल्ट पहिल्या काहीशे किलोमीटरांत बसतात व सैल पडतात. ते पुन्हा आवळून घेतल्यावर, कोनमापक त्याच तीन जागी आणखी एकदा लावून अंश लिहून ठेवावेत.