आजीचं विसरणं माझ्याकडे येईल का?

मुंबईत जोगेश्वरी पूर्वेच्या एखाद्या चाळीत तुम्हाला अशी आजी नक्की भेटेल. पूर्वी आरे डेअरीचं दूध काचेच्या बाटलीत यायचं, रिकामी बाटली धुऊन परत न्यावी लागायची, रांगेत कोण मध्येच घुसायचं, सगळं ती घडाघडा सांगते. आणि पाचच मिनिटांनी विचारते, "अगं, मी चहा घेतला का?" घेतलेला असतो. कप अजून समोरच असतो!

असं कसं होतं? आपल्या मेंदूत सुमारे ८६०० कोटी चेतापेशी आहेत. दोन्ही कानांच्या बाजूला, आत खोलवर, हिप्पोकॅम्पस नावाचा छोटासा भाग असतो. नुकतंच घडलेलं पक्कं करून ठेवणं हे त्याचं काम. अल्झायमर नावाचा विसरण्याचा आजार बहुतेक वेळा याच भागाच्या आसपास सुरू होतो. म्हणून आजचा चहा निसटतो आणि पन्नास वर्षांपूर्वीची बाटली टिकून राहते. १९०६ साली अलॉइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी ऑगस्टे डेटर नावाच्या रुग्ण बाईंच्या मेंदूचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. पेशींच्या बाहेर साठलेले गोळे आणि पेशींच्या आत धाग्यांची गुंतवळ, अशा दोन खुणा त्यांना दिसल्या. आजही हा आजार याच दोन खुणांवरून ओळखला जातो.

मग मनात येतंच, की आजीला झालं, आता आईला होणार, आणि नंतर मला?

चला, जनुकांकडे जाऊ. एपीओई नावाचं एक जनुक आहे. त्याची एक प्रत आईकडून मिळते, एक बाबांकडून. त्यापासून बनणारं प्रथिन म्हणजे मेंदूतला हमालच. स्निग्ध पदार्थ इकडून तिकडे वाहून नेतो. त्याचे मुख्य प्रकार तीन : ई२, ई३ आणि ई४. बहुतेकांकडे ई३ असतो. हे प्रथिन २९९ अमिनो आम्लांच्या साखळीचं असतं. त्यातलं फक्त एक, ११२ व्या जागेवरचं, बदललं की ई३ चा ई४ होतो. एवढ्याशा बदलाने अल्झायमरचा धोका साधारण दोन-तीन पट वाढतो. दोन्ही प्रती ई४ असतील तर आणखी बराच. ई२ मुळे मात्र धोका कमी होतो.

आता वही घ्या. आजीकडे ई४ ची एकच प्रत असेल, तर ती आईकडे येण्याची शक्यता निम्मी. आईकडून तुमच्याकडे येण्याची पुन्हा निम्मी. म्हणजे आजीची ती प्रत तुमच्यापर्यंत पोहोचण्याची शक्यता चारात एक. आणि पोहोचली तरी आजार होईलच असं नाही. ई४ नसलेल्यांनाही तो होतो. काही मोजक्या कुटुंबांत दुसऱ्याच जनुकांमुळे हा आजार ऐन मध्यमवयात येतो, पण ती फार विरळा गोष्ट.

जनुकं बदलता येत नाहीत. पण २०२४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञगटाने स्मृतिभ्रंशाची, म्हणजे अल्झायमरसारख्या विसरण्याच्या आजारांची, बदलता येण्याजोगी १४ कारणं सांगितली. ती सगळी दूर झाली तर जगातले स्मृतिभ्रंशाचे सुमारे ४५ टक्के रुग्ण टळतील किंवा त्यांचा आजार लांबणीवर पडेल, असा त्यांचा अंदाज आहे. त्यात रक्तदाब, मधुमेह, सिगारेट, व्यायामाचा अभाव आणि एकटेपणा आहेच; ऐकू कमी येणं, डोक्याला मार लागणं आणि दूषित हवासुद्धा आहे. म्हणून हायवेवर स्कूटरवर मागे बसतानाही हेल्मेट हवं, आणि इअरफोनचा आवाज कमी हवा. हायवेच्या धुराचं ओझं मात्र मुलांवर टाकू नये. तो धूर कमी करण्याचं काम महापालिकेचं आणि सरकारचं.

यादीतलं एक कारण मला फार बोचतं : कमी शिक्षण. किती आज्यांची शाळा चौथीतच सुटली! धाकट्या भावंडांना सांभाळायला त्यांना घरी बसवलं, आणि त्याचा हिशोब मेंदूला म्हातारपणी द्यावा लागतो.

पण त्या आज्यांकडे दुसरी एक दौलत आहे. घरात मालवणी, भाजीवाल्याशी हिंदी, शेजारच्या बेनशी गुजराती! हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. सुवर्णा अल्लादी आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांची माहिती तपासली. २०१३ साली त्यांनी लिहिलं, की दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांमध्ये आजाराची लक्षणं सरासरी साडेचार वर्षं उशिरा दिसली. कधीच शाळेत न गेलेल्यांमध्येही हा फरक होता! सगळ्या अभ्यासांत इतका फरक दिसलेला नाही, तरी मला ही बातमी फार आवडते.

तेव्हा आजीसोबत जवळच्या श्यामनगर तलावाकडे फेरी मारा आणि वाटेत तिच्याकडून मालवणी शिका. ती वारंवार विसरू लागली, तर "वय झालं" म्हणून सोडून देऊ नका. बी-१२ जीवनसत्त्व कमी पडल्यामुळे किंवा थायरॉइड बिघडल्यामुळेही विसरायला होतं, आणि त्यावर औषध आहे. आईबाबांना सांगा, आजीला डॉक्टरांकडे न्या आणि रक्त तपासून घ्या.