घरच्या शेडमध्ये बनणारी स्पोर्ट्स कार : हुनर, हिशेब आणि कायदा

मोटार कारखान्यातच बनते, अशी आपली पक्की समजूत आहे. गॅरेजवाला ती दुरुस्त करतो, डेंटर-पेंटर तिला पुन्हा नवी करतो, पण तिचा जन्म मोठ्या कंपनीच्या दारातच होतो. ब्रिटनमध्ये मात्र साठ-सत्तर वर्षांपासून वेगळाच प्रकार चालत आला आहे. तिथला नोकरदार किंवा कारागीर माणूस घराशेजारच्या शेडमध्ये, सुटीच्या दिवशी, स्वतःच्या हाताने दोन आसनी स्पोर्ट्स कार उभी करतो, सरकारी तपासणीत पास करून घेतो आणि रीतसर नंबर लावून रस्त्यावर आणतो. हा नुसता शौक राहिलेला नाही. चासी वेल्ड करणारे, फायबरचे साचे काढणारे, वायरिंग बनवणारे, जुने सुटे भाग विकणारे असे कितीतरी छोटे धंदे त्याच्या आधाराने उभे राहिले.

वेल्डिंग, डेंटिंग आणि वायरिंगचे कसब आपल्याकडे गल्लोगल्ली आहे. मग तिथे जे चालते ते इथे का चालत नाही? आणि जे तरुण अशा कामात हात घालू पाहतात, त्यांनी आधी कशाचा हिशेब करावा? या दोन प्रश्नांसाठी हा विषय समजून घेण्यासारखा आहे.

करातून निघालेली वाट

१९५७ साली इंग्लंडच्या लोटस कंपनीने 'सेव्हन' नावाची एक छोटी गाडी बाजारात आणली. कंपनीचा मालक कॉलिन चॅपमन हा इंजिनिअर होता आणि गाडी जितकी हलकी तितकी चांगली, असे त्याचे मत होते. सेव्हनला दरवाजे नाहीत, डोक्यावर पक्के छप्पर नाही, चाकांवर सुटे मडगार्ड आणि आत फोर्डचे साधे ११७२ सीसी इंजिन. वजन ५०० किलोच्याही आत.

त्या काळी ब्रिटनमध्ये तयार मोटारीवर खरेदी कर लागत असे, पण सुट्या भागांचा संच विकत घेतला तर तो लागत नसे. त्यामुळे लोटसने ही गाडी संचाच्या रूपातही विकली. संचाबरोबर जोडणीच्या सूचना देण्यास मनाई होती. त्यावर कंपनीने गाडी खोलण्याच्या सूचना दिल्या आणि गिऱ्हाइकाने त्या उलट क्रमाने वाचाव्यात अशी सोय केली, असे सांगितले जाते. १९७३ साली ब्रिटनमध्ये मूल्यवर्धित कर आला आणि कराची ही सवलत गेली. त्याच वर्षी सेव्हनचे हक्क केटरहॅम या विक्रेत्या कंपनीने घेतले. ही कंपनी आजही तशीच गाडी बनवते आणि हवी असल्यास संचाच्या रूपात देते. कराची सवलत संपली तरी घरी गाडी बांधण्याची सवय संपली नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

अडीचशे पौंडांचे पुस्तक

तयार संच स्वस्त नसतो. ज्याच्या खिशात पैसा कमी आणि हातात कसब जास्त, त्याच्यासाठी दुसरी वाट १९९६ साली खुली झाली. रॉन चॅम्पियन नावाच्या शाळाशिक्षकाने फक्त २५० पौंडांत स्वतःची स्पोर्ट्स कार बांधा, अशा अर्थाच्या नावाचे पुस्तक लिहिले. मोटार दुरुस्तीच्या पुस्तकांसाठी प्रसिद्ध असलेल्या हेन्स प्रकाशनाने ते छापले. सेव्हनच्या धर्तीची गाडी लोखंडी चौकोनी पाइप आणि भंगारातील एक फोर्ड एस्कॉर्ट यांतून कशी बनवावी, याची मापे आणि आकृत्या त्यात होत्या. 'लो कॉस्ट' या शब्दांवरून अशा गाड्यांना लोक 'लोकॉस्ट' म्हणू लागले. पुढे निरनिराळ्या देशांत लोकांनी त्या बांधल्या.

काम कसे चालते?

पहिली गोष्ट म्हणजे जुनी गाडी. तिचा पत्रा गंजला असला तरी चालतो; इंजिन, गिअर बॉक्स, मागचा ऍक्सल, स्टीअरिंग आणि ब्रेक शाबूत हवेत. गाडी पूर्ण खोलून प्रत्येक भागाला चिठ्ठी लावून ठेवायची.

दुसरी गोष्ट म्हणजे चासी. एक इंची चौकोनी पाइप, त्याची जाडी साधारण १.६ मिलिमीटर. सपाट फळीवर आधी पूर्ण मापाचा आराखडा काढतात आणि पाइप कापून त्यावर मांडतात. प्रथम फक्त टाके मारायचे, गुण्या लावून आणि कर्ण मोजून चौकट तपासायची आणि मगच पूर्ण वेल्डिंग करायचे. एका बाजूने सलग वेल्डिंग केले तर उष्णतेने चौकट पिळते. म्हणून आलटून पालटून समोरासमोरच्या जागा घ्याव्या लागतात. या चासीची ताकद पाइपच्या जाडीत नसून त्रिकोणांत आहे. चौकोनाला आडवा पाइप लावून त्याचे दोन त्रिकोण केले की तो वाकत नाही. ज्याने शेडची कैची बनवली आहे त्याला हे वेगळे सांगावे लागत नाही.

त्यानंतर बाजूला ऍल्युमिनियमचा पत्रा रिव्हेट करतात, नाकाडाचा भाग आणि मडगार्ड फायबरचे बसवतात. मग ब्रेकच्या नळ्या, पेट्रोलची टाकी, रेडिएटर, वायरिंग, दिवे आणि सीट. चासीचे काम पाहून वाटते की निम्मी गाडी झाली. खरे काम त्यापुढे असते.

हिशेबाची दुसरी बाजू

अडीचशे पौंडांचा आकडा खोटा नव्हता, पण त्याला अटी होत्या. जुनी गाडी जवळजवळ फुकट मिळावी, तिचे जास्तीत जास्त भाग वापरले जावेत, उरलेले विकून पैसे परत यावेत आणि मजुरीचा एक पैसाही धरू नये. बहुतेकांचा खर्च याच्या कित्येक पट झाला. नवे टायर, ब्रेकचे पॅड आणि नळ्या, बेअरिंग, सीटबेल्ट, आरसे, रंग, नट-बोल्ट या किरकोळ वाटणाऱ्या वस्तूंनीच बजेट बिघडवले. वेल्डिंग मशीन आणि हत्यारे नसतील तर त्यांचा खर्च आणखी वेगळा.

दुसरी अडचण कच्च्या मालाची. पुस्तकात सांगितलेली, मागच्या चाकांवर चालणारी एस्कॉर्ट १९८० सालीच बंद झाली होती. जी गाडी एके काळी भंगारात मिळे, ती आता शौकिनांच्या संग्रहाची वस्तू झाली आहे आणि तिला चांगला भाव आला आहे. त्यामुळे बांधणारे आधी फोर्ड सिएराकडे आणि नंतर माझदा एमएक्स-५ कडे वळले. ज्या धंद्याचा कच्चा माल दुसऱ्याच्या भंगारातून येतो, त्याने ते भंगार किती वर्षे मिळत राहील याचा अंदाज आधी बांधला पाहिजे.

तिसरी बाब वेळेची. अर्धवट राहिलेल्या गाड्याही तिथे विक्रीला येतात आणि त्यात घातलेला पैसा क्वचितच परत मिळतो. जो घरच्यांना विचारून, रक्कम आणि वेळ ठरवून काम हाती घेतो, त्याचेच काम तडीस जाते.

तपासणीचा दिवस

घरी बांधलेली गाडी तिथे तशीच रस्त्यावर आणता येत नाही. १९९८ पासून अशा गाड्यांसाठी एकेका गाडीची स्वतंत्र तपासणी सुरू झाली आणि २००९ पासून तिची जागा अधिक कडक अशा 'आयव्हीए' तपासणीने घेतली. सरकारी तपासनीस ब्रेक, स्टीअरिंग, सीटबेल्टचे आधार, दिवे, आरसे, स्पीडोमीटर, धूर आणि आवाज हे सर्व पाहतो. पादचाऱ्याला लागू शकेल अशी धारदार कड बाहेर चालत नाही. तिला किमान २.५ मिलिमीटरची गोलाई द्यावी लागते. नापास झाली तर दोष दूर करून गाडी पुन्हा आणायची.

गाडी आपण स्वतः आणि स्वतःच्या वापरासाठी बांधली, याचा पुरावाही द्यावा लागतो. त्यासाठी कामाचे फोटो आणि मालाच्या पावत्या जपून ठेवतात. ज्या गाडीच्या भागांचे वय किंवा मूळ सिद्ध होत नाही, तिला 'क्यू' अक्षराचा नंबर मिळतो. म्हणजे विकत घेणाऱ्याला पाटीवरूनच कळते. खरेदी-विक्रीत माल लपवू नये, दोष सांगून विकावा, हे तत्त्व तिथे नंबर प्लेटवरच लिहिले आहे असे म्हणावे लागेल.

नक्कल कुठपर्यंत?

मूळ गाडी फार महाग झाली की तिची नक्कल निघते. १९६२ पासून इंग्लंडची एसी कंपनी आणि अमेरिकेचा कॅरोल शेल्बी यांच्या सहकार्याने निघालेल्या 'कोब्रा' गाड्या सुमारे एक हजारच बनल्या. तिच्या नकला मात्र मुळापेक्षा कितीतरी जास्त आहेत. परंतु नकलेला सीमा आहे. सेव्हनसारखी गाडी काढणाऱ्या वेस्टफिल्ड कंपनीवर केटरहॅमने दावा केला. प्रकरण कोर्टाबाहेर मिटले, पण वेस्टफिल्डला आकार बदलावा लागला. अमेरिकेत फेरारीच्या दोन गाड्यांचे फायबरचे साचे विकणाऱ्याविरुद्ध फेरारीने दावा केला आणि १९९१ साली तिथल्या अपील कोर्टाने फेरारीच्या बाजूने निकाल दिला. गाडीचा बाहेरचा आकार हीच कंपनीची ओळख आहे, असे कोर्टाने मानले.

पुढे २०१५ साली अमेरिकेने कायदा करून छोट्या कारखानदारांना वर्षाला ३२५ पर्यंत जुन्या धर्तीच्या गाड्या बनवण्याची वाट मोकळी केली. त्याचे नियम २०२१ साली आले. मात्र नाव आणि आकाराच्या हक्कदाराची परवानगी तिथेही लागतेच. दुसऱ्याचे नाव लावून आपला माल विकणे हा कुठल्याही बाजारात खोटा व्यवहारच आहे.

आपल्याकडे काय?

कसबाचा प्रश्न नाही. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथील एका कारागिराने सुमारे ६० हजार रुपयांत, दुचाकीच्या इंजिनवर, किक मारून सुरू होणारी छोटी जीप बनवली. २०२१ च्या डिसेंबरमध्ये आनंद महिंद्रा यांनी तिचे कौतुक केले. पण ही गाडी नियमात बसत नाही, हेही त्यांनी त्याच वेळी सांगितले आणि तिच्या बदल्यात त्या कुटुंबाला बोलेरो दिली. अलिबागजवळच्या चिंकारा मोटर्सने तर सेव्हनच्या धर्तीची रोडस्टर काढली होती. तिला अँबॅसडरमध्ये बसणारे १.८ लिटरचे इसुझू इंजिन होते.

अडते ते कायद्यात. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे नव्या वाहनाचा नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. ही व्यवस्था हजारो गाड्या काढणाऱ्या कारखान्यासाठी आहे. एकच गाडी बांधणाऱ्याला तिचा खर्च पेलवत नाही. जुन्या गाडीवर नवा सांगाडा चढवावा म्हटले तर मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आडवे येते. नोंदणी पुस्तकातला तपशील बदलेल असा फेरफार करता येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने ९ जानेवारी २०१९ च्या निकालात स्पष्ट केले आहे. म्हणून साध्या कारवर फायबर चढवून तिची 'लॅम्बोर्गिनी' करून देतो म्हणणाऱ्याकडे जाण्याआधी ती कागदावर काय राहील आणि अपघात झाला तर विम्याचे काय होईल, हे विचारून घ्यावे. असे काम घेणाऱ्या गॅरेजवाल्यानेही गिऱ्हाइकाला हे आधीच सांगितले पाहिजे.

तरीही वाटा आहेत. मान्यताप्राप्त सीएनजी किट बसवून त्याची नोंद पुस्तकात करून घेणे कायदेशीर आहे. मूळ तपशील न बदलता जुन्या गाड्यांचा जीर्णोद्धार करता येतो. पिथमपूरच्या बाहा स्पर्धेसाठी इंजिनिअरिंगचे विद्यार्थी पाइप वेल्ड करून स्वतः गाड्या बनवतात. त्या सार्वजनिक रस्त्यावर न्यायच्या नसतात. जिथे कॉलेज आहे तिथे पाइप वाकवणारा आणि अचूक वेल्डिंग करणारा कारागीरही लागतो.

ब्रिटनच्या शेडमधून आपल्या गॅरेजवाल्याने घ्यायचे ते हेच : काम सुरू करण्यापूर्वी पूर्ण खर्च मांडावा, प्रत्येक मालाची पावती ठेवावी, कामाचे फोटो काढावेत आणि ब्रेक व स्टीअरिंगच्या बाबतीत 'चालून जाईल' हा शब्द गॅरेजबाहेर ठेवावा. आणि सरकारकडे मागायचे ते एवढेच, की एकेक गाडी बांधणाऱ्यालाही परवडेल अशी, पण तितकीच कडक तपासणी आपल्याकडे सुरू व्हावी. ती झाली तर देवराष्ट्र्याच्या कारागिराला आपली गाडी दुसऱ्या गाडीच्या बदल्यात द्यावी लागणार नाही, तिच्यावर स्वतःचा नंबर लावता येईल.