तळ्यासाठी शासन पैसे देते, मग आपण कशाला?



गेल्या तिमाहीत एका मंडळीत नवापूर भागातील कामाचा अहवाल देत होतो. उपासनेनंतर एका वडीलधाऱ्या काकांनी मला बाजूला घेऊन विचारले, "मत्स्यशेतीला सरकार एवढे अनुदान देते, मग मिशनने देणगीचे पैसे तिथे का घालायचे?" प्रश्न रास्त होता. उभ्या उभ्या दिलेले उत्तर अपुरे राहिले, म्हणून ते इथे लिहितो.

आधी शासन काय देते ते पाहू. मासळीच्या उत्पादनात आपला देश जगात दुसऱ्या क्रमांकावर आहे, आणि यातील मोठा वाटा समुद्राचा नसून तळी, नद्या व धरणांचा आहे. २०१९ मध्ये केंद्रात मत्स्यव्यवसाय, पशुसंवर्धन व दुग्धव्यवसाय यांचे वेगळे मंत्रालय झाले. सप्टेंबर २०२० मध्ये प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना सुरू झाली. पाच वर्षांसाठी तिचा आराखडा २०,०५० कोटी रुपयांचा होता. तळे, मत्स्यबीज, खाद्य, पिंजऱ्यातील मत्स्यपालन, बर्फाची पेटी बसवलेली दुचाकी, अपघात विमा असे बरेच काही तिच्यात आहे. सर्वसाधारण लाभार्थ्याला खर्चाच्या ४० टक्के, तर अनुसूचित जाती-जमाती व महिलांना ६० टक्के अनुदान मिळते.

हिशेब असा. नव्या तळ्यासाठी योजनेने हेक्टरी ७ लाख रुपये खर्च धरला आहे. आमच्या भागात कुटुंबाकडे तळ्यासाठी फार तर दहा गुंठे निघतात, म्हणजे खर्च ७० हजार. त्यातले ४२ हजार शासनाचे, २८ हजार कुटुंबाचे. कागदावर हे सोपे दिसते. पण अनुदान सहसा काम झाल्यावर, पाहणी होऊन खात्यात येते. म्हणजे ७० हजार आधी घरातून उभे करावे लागतात. अडचण इथेच आहे.

आमच्या ओळखीच्या एका ताईंनी बैलजोडी विकून ३० हजार आणि सावकाराकडून शेकडा पाचने ४० हजार उभे केले. तळे झाले, पण पाहणी लांबली. पैसे यायला अकरा महिने लागले. तोवर व्याजाचेच २२ हजार झाले होते. ४२ हजारांच्या अनुदानातला निम्म्याहून अधिक भाग सावकाराने नेला. नांगरणीच्या वेळी ताई दुसऱ्याचे बैल मागत फिरत होत्या.

दुसरी अडचण कागदांची. सातबारा अजून सासऱ्यांच्या नावावर, जातीचा दाखला काढलेला नाही. ज्यांच्याकडे वनहक्काचा पट्टा आहे त्यांच्याजवळ मात्र एक चांगला आधार असतो: पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावाने मिळतो. २००६ चा हाच कायदा गावाच्या सामूहिक हक्कांत पाणवठ्यातील मासळीही धरतो. शिवाय १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील लहान जलसाठ्यांचे नियोजन पंचायतींकडे सोपवले आहे. गावतळ्यावर बाहेरचा ठेकेदार हक्क सांगू लागला, तर ग्रामसभेला ही कलमे माहीत असायला हवीत.

तिसरी अडचण ज्ञानाची. ओढ्यातले मासे पकडण्यात आमचे लोक तरबेज, पण मासे पाळणे वेगळे. पहिल्या वर्षी कित्येकांनी अगदी बारीक बीज सोडले आणि तळ्यातल्या मरळ माशाने ते फस्त केले. आता आम्ही सांगतो: आधी मरळ काढा, चुना व शेण टाका, मग बोटाएवढी बोटुकली सोडा. कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. तिघे एकत्र सोडले की सगळ्या पाण्याचा उपयोग होतो. खाद्याला भाताचा कोंडा आणि शेंगदाण्याची पेंड पुरते. मात्र पाणी आठ-दहा महिने टिकले पाहिजे. जिथे जानेवारीतच तळ दिसतो तिथे आम्ही स्पष्ट नको म्हणतो.

म्हणून काकांना माझे उत्तर असे: तुमची देणगी अनुदानाच्या जागी जात नाही, ती अनुदान येईपर्यंतचा काळ निभावून नेते. आम्ही ही रक्कम बिनव्याजी देतो. अनुदान जमा झाले की कुटुंब तेवढा भाग परत करते, उरलेले मासळी विकून फेडते. परत आलेल्या पैशातून पुढच्या घराचे तळे होते.

पैशाशिवायही मदत करता येईल. आपल्या मंडळ्यांत बँकेतून, तहसील कचेरीतून निवृत्त झालेले बंधुभगिनी आहेत. पावसाळ्याआधी दोन दिवस येऊन अर्ज नीट भरून दिलेत, तरी पाच-सहा घरांची खेप वाचेल. राहायची सोय आमच्याकडे आहे; जेवणात तळ्यातली मासळी.

आपला सेवेतील बंधू