गोष्ट शिकवताना (लेखांक ६) : तात्पर्य जरा उशिरा विचारू या

गेल्या लेखात गोष्ट सांगणारा कोण आहे, हे मुलांना ओळखायला कसं शिकवायचं ते पाहिलं. आज पुढची पायरी घेऊ. वाचलेली गोष्ट उलगडायची आणि त्याच उलगडण्यातून स्वतःची गोष्ट लिहायची.

आपल्याकडे या दोन कामांची पार फारकत झाली आहे. धडा संपला की आपण विचारतो, ‘या गोष्टीतून काय बोध मिळतो?’ कथालेखनाच्या तासाला फळ्यावर मुद्दे लिहून देतो आणि बजावतो, शीर्षक आणि तात्पर्य विसरू नका. पहिल्या तासाला मुलं घडलेलं सगळं सोडून उपदेश तेवढा उचलतात. दुसऱ्या तासाला तोच उपदेश गाठायचा म्हणून वाक्यांमागून वाक्यं लिहीत सुटतात. मधली गोष्ट दोन्हीकडे हरवते.

माझा तात्पर्यावर राग नाही. बोध सांगण्यासाठी गोष्ट सांगणं ही आपली फार जुनी रीत आहे. महानुभावांच्या ‘दृष्टान्तपाठा’त केसोबासांनी चक्रधरस्वामींचे दृष्टान्त संकलित केले, तेव्हा त्याची मांडणीच सूत्र, दृष्टान्त आणि दार्ष्टान्तिक अशी तीन भागांची केली. विचार आधी, मग गोष्ट, मग तिचा अर्थ. पण शतकं उलटल्यावर लोकांच्या तोंडी काय राहिलं? हत्ती चाचपणारे आंधळे राहिले. पाय हाताला लागला त्याला हत्ती खांबासारखा वाटला आणि कान लागला त्याला सुपासारखा, एवढं कुणालाही सांगता येतं. त्यामागचं सूत्र मात्र अभ्यासकालाच आठवतं. गोष्ट पक्की असेल तर अर्थ तिच्या मागोमाग येतो. म्हणून वर्गात आधी गोष्टीशी थांबायचं.

थांबायचं कसं, ते ‘श्यामची आई’तल्या ‘थोर अश्रू’ या प्रकरणावरून पाहू. लहानग्या श्यामची आंघोळ झाली आहे. ओल्या तळव्यांना माती लागू नये म्हणून तो आईला ओचा धोंड्यावर पसरायला लावतो. आई पसरते, तो त्यावर पाय ठेवतो. मग आई त्याला म्हणते की पायांना घाण लागू नये म्हणून जपतोस, तसंच मनालाही जप. हा धडा शिकवला की मुलं वहीत ‘मन स्वच्छ ठेवावे’ असं लिहून मोकळी होतात.

त्याऐवजी तीन प्रश्न विचारून पाहा. श्यामला काय हवंय? ते मिळण्यात अडचण काय? आणि कोणी असं काय केलं, जे त्याला टाळता आलं असतं? तिसऱ्या प्रश्नाशी वर्ग जागा होतो. आईला रागावता आलं असतं. उचलून घरात नेता आलं असतं. ‘फार लाडावलायस’ म्हणून तसंच चालायला लावता आलं असतं. यातलं काहीच न करता ती आधी हट्ट पुरवते आणि मग बोलते. आता मुलांना सांगा, ओचा पसरण्याचा भाग झाकून उरलेलं वाचा. हाती राहतो तो फळ्याच्या कोपऱ्यातला सुविचार. आईच्या त्या वाक्याला वजन येतं ते आधी पसरलेल्या लुगड्यामुळे, हे मुलांना आपण न सांगता कळतं. गोष्टीचं विश्लेषण म्हणतात ते याहून फार वेगळं नसतं.

इथे गेल्या वेळचा निवेदकही उपयोगी पडतो. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. त्यात मोठा झालेला श्याम ४२ रात्रींत सोबत्यांना आपल्या आईच्या आठवणी सांगतो. म्हणजे प्रत्येक प्रसंगात दोन श्याम आहेत. एक हट्ट करणारा आणि एक तो हट्ट आठवणारा. ‘हे वाक्य त्या वेळी लहान श्यामला किती कळलं असेल?’ असा प्रश्न सातवीतल्या मुलांना टाका आणि त्यांना वाद घालू द्या.

आता लेखन. समजा, मुद्दे आहेत : गरीब शेतकरी, दुष्काळ, बैल विकायची वेळ, बाजार, गिऱ्हाईक. मुलांचा ठरलेला मजकूर येतो : ‘एक गाव होते. तेथे एक गरीब शेतकरी राहत होता. एकदा दुष्काळ पडला. त्याने बैल विकायचे ठरवले.’ प्रत्येक मुद्द्याला एक वाक्य, सगळ्यांना सारखा मान. मुलांना सांगायचं, चार मुद्दे एकेका ओळीत उरका आणि पाचव्याशी ठाण मांडा. बाजार निवडलात? मग तिथे उभे राहा. बैलाचा कासरा कोणाच्या हातात आहे? गिऱ्हाईक आल्या आल्या काय करतं? गावाकडच्या पोरांना हे तोंडपाठ असतं. दाताची पारख, रुमालाखाली बोटं दाबून ठरणारा भाव, मध्येच घुसणारा दलाल, हे सगळं त्यांनी पाहिलेलं असतं. फक्त ते वहीत चालतं, असं त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. असं मोकळं सोडल्यावर एका मुलाने लिहिलं, ‘गिऱ्हाइकानं बैलाचा जबडा उघडून दात मोजले. बाबानं तोंड फिरवलं.’ दोन वाक्यांत दुष्काळही आला, गरिबीही आली. त्याच्या आधीच्या परिच्छेदातली ‘त्याला अतिशय दुःख झाले’ ही ओळ त्याने स्वतःहून खोडली.

शहरातल्या वर्गाला बैल देऊ नका. हरवलेला लोकलचा पास द्या.

शेवटाबद्दल एकच नियम पुरतो. जे घडेल ते पात्राच्या आधीच्या एखाद्या कृतीतून घडलं पाहिजे. सावकाराला अचानक उपरती झाली, लॉटरी लागली, आणि सर्वांचं लाडकं ‘तेवढ्यात मला जाग आली’ हे तिन्ही शेवट वर्षभरासाठी बाद करा. मुलं कुरकुरतात, मग शोधायला लागतात.

तपासताना लाल पेन दुसऱ्या वाचनाला उघडावं. पहिल्या वाचनात जिथे चित्र उभं राहिलं, तिथे एक रेघ आणि समासात एक प्रश्न, बस्स. शुद्धलेखन हवंच, पण संवादातली बोली ‘अशुद्ध’ म्हणून खोडणं हा त्या मुलावर अन्याय आहे. व्यंकटेश माडगूळकरांची ‘माणदेशी माणसं’ आणि शंकर पाटलांच्या कथा माणसांच्या बोलण्यावरच उभ्या आहेत. बारावीच्या ‘युवकभारती’त प्रतिमा इंगोले यांच्या ‘गढी’ने वऱ्हाडी बोली थेट पाठ्यपुस्तकात आणली आहे. मोठ्या लेखकाला जे शोभतं, ते सातवीतल्या पोराला चुकीचं कसं ठरेल?

या आठवड्यात तुमच्या इयत्तेच्या पाठ्यपुस्तकातली एकच गोष्ट घ्या. शेवटचा बोधाचा भाग कागदाने झाका आणि वरचे तीन प्रश्न विचारा. मुलांची उत्तरं त्यांच्याच शब्दांत टिपून ठेवा. पुढच्या लेखात संवादलेखनाकडे वळू, तेव्हा ती हाताशी असू द्या.