मतदारसंघांचे बांध

शेताचा बांध कोरणारा शेजारी आपल्याकडील प्रत्येक गांवांत ओळखीचा आहे. तो उघडपणें कोणाचें शेत लुटीत नाहीं. दर नांगरणीस वीतभर जमीन आपल्याकडे ओढतो, आणि कांहीं वर्षांनीं पाहावें तों हद्द सरकलेली असते. पवित्र शास्त्रानेंही शेजाऱ्याच्या हद्दीची खूण सरकविणें हा अपराध मानिला आहे. राज्यकारभारांतही असाच एक बांध असतो. तो म्हणजे मतदारसंघाची सीमा. एकही मत न चोरतां केवळ ही सीमा सरकवून निवडणूक कशी जिंकतां येते, हें आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस येथें सांगण्याचें आम्ही योजिलें आहे.

कायदेमंडळाच्या निवडणुकीसाठीं प्रदेशाचे विभाग पाडून प्रत्येक विभागांतून प्रतिनिधि निवडतात. कोठें वस्ती वाढते, कोठें गांवें ओस पडतात. म्हणून ठराविक काळानें या सीमा नव्यानें आखाव्याच लागतात. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत दर दहा वर्षांच्या खानेसुमारीनंतर हें काम होतें. काम मूळचें निर्दोष व आवश्यक आहे. प्रश्न इतकाच कीं, पेन्सिल कोणाच्या हातीं असावी? तेथील पुष्कळ संस्थानांत ती कायदेमंडळाच्याच हातीं असते. म्हणजे ज्यांस निवडून यावयाचें, तेच सीमा आखतात.

१८१२ सालीं मॅसॅच्युसेट्स संस्थानाचा गव्हर्नर एल्ब्रिज गेरी हा होता. अमेरिकन स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकीं तो एक. त्याच्या पक्षानें सिनेटचे मतदारसंघ आपल्या सोयीनें आखले व गेरीनें त्या कायद्यावर सही केली. एसेक्स परगण्यांतील एक मतदारसंघ इतका वेडावांकडा झाला कीं, बोस्टनच्या एका वर्तमानपत्रानें त्यास पंख व नखें काढून त्याचें व्यंगचित्र छापलें. सॅलमँडर नांवाच्या सरड्यासारख्या प्राण्याच्या व गेरीच्या नांवांची सांगड घालून ‘गेरीमँडर’ हा शब्द जन्मास आला. या कृत्यास हल्लीं ‘जेरीमँडरिंग’ म्हणतात. त्या वर्षीं सिनेटसाठीं विरोधी फेडरलिस्ट पक्षास एकंदर मतें अधिक पडलीं, तरी ४० पैकीं २९ जागा गेरीच्या पक्षास मिळाल्या. त्याच वर्षीं गव्हर्नरचीही निवडणूक झाली. तिच्यांत सबंध संस्थान हाच एक मतदारसंघ. तेथें कोरावयास बांधच नव्हता. गेरी पराभूत झाला!

ही युक्ति कशी चालते, हें एका लहान हिशेबानें पाहूं. एका वसतिगृहांत २५ मुलें आहेत अशी कल्पना करा. पैकीं १५ जणांस क्रिकेट हवें व १० जणांस हॉकी. पांच पांच मुलांचे पांच गट पाडून प्रत्येक गटानें बहुमतानें एक प्रतिनिधि द्यावयाचा आहे. प्रत्येक गटांत क्रिकेटचे ३ व हॉकीचे २ घातले, तर पांचही प्रतिनिधि क्रिकेटचे होतात. दहा मुलांचा आवाज मुळींच उमटत नाहीं. आतां उलट करा. दोन गट केवळ क्रिकेटवाल्यांनीं भरा. त्यांचे उरलेले ५ जण बाकीच्या तीन गटांत २, २ व १ असे विखरा. त्या तिन्ही गटांत हॉकीचे ३, ३ व ४ होतात. पांचांपैकीं तीन प्रतिनिधि हॉकीचे! दहांनीं पंधरांस हरविलें, आणि एकाही मुलानें आपलें मत बदललें नाहीं. प्रतिपक्षास विखरणें अथवा एका ठिकाणीं कोंबणें, या दोहोंतच सारी विद्या आली.

या विद्येचा क्रूर उपयोगही झालेला आहे. ज्या टस्कीगी गांवीं बुकर टी. वॉशिंग्टन यांनीं विद्यालय काढलें व कार्व्हर यांनीं अध्यापन केलें, त्या गांवाची चौकोनी हद्द अलाबामाच्या कायदेमंडळानें १९५७ सालीं बदलून २८ बाजूंची केली. सुमारें ४०० निग्रो मतदारांपैकीं चारपांच वगळून सारे नगराबाहेर पडले; गोरा मतदार एकही बाहेर गेला नाहीं. घरें होतीं तेथेंच राहिलीं, नगरांतील मत मात्र गेलें. तेथील विद्यालयाचे प्राध्यापक चार्ल्स गोमिलियन व त्यांचे सोबती न्यायालयांत गेले, आणि १९६० सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें एकमतानें त्यांची बाजू उचलून धरली.

हल्लीं पेन्सिलीची जागा संगणकानें घेतली आहे. विस्कॉन्सिन संस्थानांत २०१८ सालीं असेंब्लीच्या निवडणुकींत डेमोक्रॅटिक पक्षास सुमारें ५३ टक्के मतें मिळालीं. जागा मात्र ९९ पैकीं ३६. कांहीं ठिकाणीं एकाच पक्षाचा उमेदवार होता व या पक्षाचे मतदार शहरांत एकवटलेले होते, हें खरें. तथापि एवढ्यानेंच इतका फरक पडत नाहीं. पक्षहितासाठीं आखलेल्या सीमांचा निवाडा करणें संघराज्याच्या न्यायालयांचें काम नव्हे, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१९ सालीं पांच विरुद्ध चार मतांनीं ठरविलें. विस्कॉन्सिनच्या स्वतःच्या सर्वोच्च न्यायालयानें मात्र २०२३ सालीं तेथील नकाशे रद्द केले व पुढील वर्षीं निवडणूक नव्या सीमांवर झाली.

येथें एक सावधगिरी सांगणें अवश्य आहे. प्रत्येक वांकडी रेषा लबाडीची नसते. नदी, डोंगर अथवा एकजीव वस्ती राखण्यासाठींही ती वळते. उलट सरळ रेषेआडही कपट लपूं शकतें. म्हणून आकृतीपेक्षां आखणारा हात पाहावा. आयोवा संस्थानांत १९८० च्या कायद्यानें हें काम निःपक्ष कर्मचाऱ्यांकडे दिलें. मतदार कोणत्या पक्षाचे, हें पाहण्याची त्यांस मनाई आहे. आपल्या देशांत त्यासाठीं परिसीमन आयोग नेमतात. त्याचा अध्यक्ष सर्वोच्च न्यायालयाचा आजी अथवा माजी न्यायाधीश असतो. आमदार-खासदार सहकारी म्हणून बसतात, पण त्यांस मताचा अधिकार नसतो. मसुदा प्रसिद्ध करून लोकांच्या हरकतीही मागवितात. महाराष्ट्रांत २००९ पासूनच्या निवडणुका अशाच आयोगानें आखलेल्या सीमांवर झाल्या.

मतदानाच्या दिवशीं रांगेत उभें राहणें हें नागरिकाचें कर्तव्य खरेंच. परंतु तें अर्धेंच आहे. सीमांचा मसुदा निघेल तेव्हां पालकांनीं तो वाचावा, आपल्या गांवाची वाटणी कोठें झाली तें पाहावें आणि अन्याय दिसल्यास वेळेवर हरकत लिहावी. विद्यार्थ्यांनीं भूगोलाच्या तासास शिकलेला नकाशा या कामीं घरच्यांस वाचून दाखवावा. ज्यास आपल्या शेताचा बांध ठाऊक आहे, त्यास आपल्या मताचा बांध अनोळखी राहूं नये.